आत न गेलेली धूळ

"अहो साहेब, झाकण उघडताय की त्याची मनधरणी करताय?"

खाणीचे मॅनेजर पाठीमागे उभे राहून घड्याळाकडे बघत म्हणाले. ट्रॉली जॅकवर उचललेली होती, मागचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलं होतं आणि तुंबेकर एका जुन्या टायरवर बसून हबच्या झाकणाचा शेवटचा बोल्ट सोडवत होते. बोल्ट काही घट्ट नव्हता, हातच चालत नव्हता. धुळीचा अख्खा मोसम ज्या क्षणाची वाट बघितली तो एकदाचा समोर आला की माणूस उगाच पाना पुसतो, चष्मा पुसतो, पुन्हा पाना पुसतो. तसं चाललं होतं त्यांचं.

झाकण निघालं. त्यांनी आत वाकून बघितलं.

आत तेल असायला हवं होतं. पातळ, काळपट तेल, त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेलं. त्याऐवजी आत पिवळं ग्रीस होतं. बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये, कड्यांच्या खाचांत, जिथे जागा मिळेल तिथे बोटाने दाबून दाबून भरलेलं. ज्याने भरलं होतं त्याने अगदी मन लावून भरलं होतं.

तुंबेकरांनी त्यातलं थोडं दोन बोटांत घेऊन चोळलं. कच लागली नाही. आणखी आतलं घेऊन चोळलं. तेही मऊसूत. खाणीत जिथे डोळ्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या होतात, तिथे मोसमभर फिरूनही या हबच्या पोटात धुळीचा एक कण गेला नव्हता. एरवी याच गोष्टीवर त्यांनी टायरवरून उठून मॅनेजरना मिठी मारली असती. पण आता ते नुसते बसून राहिले.

"काय, पास ना?" मॅनेजर म्हणाले. "चाक तर झकास चाललं. एकदाही नखरा केला नाही."

"कारखान्यात नेऊन नीट बघतो," तुंबेकर म्हणाले आणि त्यांनी चटकन झाकण लावून टाकलं.

तुंबेकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाकाच्या मधोमध जो गाभा असतो, ज्यात आस बसतो, त्याला जुनी माणसं तुंबा म्हणतात आणि कारखान्यात सगळे हब म्हणतात. या गृहस्थांनी त्या तुंब्याचा असा काही ध्यास घेतला की कोणीतरी चेष्टेत त्यांना तुंबेकर म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सुरुवातीला ते चिडायचे. मग चिडायचाही कंटाळा आला.

कारखाना ट्रॉल्यांचा. खाणी, सिमेंटचे कारखाने, वीटभट्ट्या, जिथे जिथे धूळ उडते तिथे त्यांच्या ट्रॉल्या जायच्या आणि चाकं खराब होऊन परत यायच्या. धूळ बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीसमध्ये कालवली जाते आणि मग ते ग्रीस वंगण राहतच नाही, घासायचा कागद होतो. यावर उपाय एकच, रोज नवं ग्रीस भरा. तुंबेकरांना हे पटत नव्हतं. त्यांनी काढलेल्या हबच्या पोटात तेलाची एक छोटी खोली होती आणि तिच्याभोवती नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड कडी. चाक फिरून गरम झालं की नमदा बेअरिंगला हवं तेवढं तेल सोडणार, चाक थांबून गार झालं की उरलेलं पुन्हा पिऊन घेणार. बाहेरच्या बाजूला एकात एक बसणाऱ्या कड्या, त्यांच्यामधून वळणावळणाची वाट. धुळीला आत यायचं तर इतक्यांदा वळावं लागायचं की ती दमून जावी, आणि दमली नाही तर फिरणारं चाकच तिला बाहेर भिरकावून देणार. एकदा तेल भरलं की मोसमभर बघायला नको.

बोलायला सोपं आहे. करताना नाकी नऊ आले. कधी तेल गळायचं, कधी नमदा जळायचा, कधी कड्या एकमेकींना घासून असा आवाज करायच्या की सगळा कारखाना कानात बोटं घालायचा. ड्रॉइंगच्या खोलीत पूर्वी माणसं मावत नसत, आता तुंबेकर एकटेच उरले होते. बाकीची टेबलं भिंतीशी एकावर एक रचून ठेवलेली. थोरले मालक होते तोवर निभावलं. धाकटे मालक वाईट नव्हते, पण त्यांना घाई होती. ते स्पष्टच म्हणाले होते, "काका, मोठ्या खाणीत चाचणी पास झाली तर सगळ्या नव्या ट्रॉल्यांना तुमचाच हब लावू आणि तुम्ही निवृत्तीनंतरही आमच्याकडेच राहा. नाही झाली तर मग तयार ड्रॉइंग बाहेरून घेऊ. ही खोली बंद करू."

म्हणजे त्या झाकणाच्या आत नुसता हब नव्हता. तुंबेकरांचं सगळं आयुष्य होतं म्हटलं तरी चालेल, आणि त्यावर कोणीतरी ग्रीस चोपडून ठेवलं होतं.

कोणी, हे त्यांना झाकण उघडल्या उघडल्या कळलं होतं. नुसती खात्री करून घ्यायची होती.

वर्कशॉपच्या मागे सावलीचा एक पट्टा पडायचा. तिथे मामा चहाचे दोन कप घेऊन आले. मामा म्हणजे खाणीतले ग्रीसवाले. सगळ्यांचेच मामा, अगदी त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्यांचेही. रोज सकाळी एकेका ट्रॉलीखाली आडवं होऊन चाकाचाकात ग्रीस भरायचं, हेच काम उभ्या जन्मात केलेलं. खांदा कामातून गेलेला, केसांचा खरा रंग बायकोलाही ठाऊक नसावा.

तुंबेकर पहिल्यांदा खाणीत आले होते ते एका मोडलेल्या चाकाची तक्रार बघायला. तेव्हा मामा ट्रॉलीखालून बाहेर आले ते पिठात लोळल्यासारखे, आणि बोलायच्या आधी कितीतरी वेळ नुसते खोकत राहिले. "मामा, कंटाळा येत नाही?" तुंबेकरांनी विचारलं होतं. "येतो की," मामा म्हणाले होते, "पण चाकाला भूक लागायची थांबत नाही ना." त्या दिवशी घरी आल्यावर तुंबेकरांनी त्या हबची पहिली रेघ मारली. माणसाला रोज चाकाखाली झोपावं लागू नये, एवढंच मनात होतं. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मामांनाही नाही. असल्या गोष्टी सांगायला गेलं की भाषण केल्यासारखं वाटतं.

"मग? पास झालं ना आपलं चाक?" मामांनी बसता बसता विचारलं.

"मामा, या चाकाला कोणी हात लावला होता का?"

"कोणाची टाप आहे! मी होतो ना राखायला." मामांनी चहाचा घोट घेतला. मग इकडेतिकडे बघून, शाळेतल्या पोराने मार्क सांगावेत तशा आवाजात म्हणाले, "मी सोडून कोणी नाही."

तुंबेकरांनी मामांच्या बोटांकडे बघितलं.

"आता तुमच्यापासून काय लपवायचं साहेब? तुम्ही गेलात आणि पहिल्याच आठवड्यात ते चाक रडायला लागलं. कुईं कुईं. मला ऐकवेना. म्हटलं, साहेब एवढ्या लांबून हेलपाटे घालतात, माझ्याजवळ येऊन बसतात, माझ्या खांद्याची चौकशी करतात, आणि त्यांचंच चाक माझ्या डोळ्यांदेखत कोरडं मरणार? तुमचं नाक कापलं जायला नको. मग तो बाजूचा पितळी स्क्रू आहे ना, तो काढला आणि बोटाने भरलं. मग दर आठवड्याला थोडं थोडं."

पितळी स्क्रू तेल भरायला ठेवलेला होता. आणि चाक रडत नव्हतं. नव्या कड्या एकमेकींत मुरेपर्यंत थोडा आवाज करतात, तो आवाज होता. आणखी काही दिवसांत आपोआप थांबला असता. तो थांबलाही असणार, आणि मामांना वाटलं असणार की आपल्या ग्रीसमुळे थांबला.

"पण मॅनेजरांनी फळ्यावर लिहिलं होतं ना मामा? या चाकाला हात लावेल त्याला घरी पाठवणार म्हणून?"

"ते वात्रट लोकांसाठी हो! मी काय परका?"

ती सूचना लावायला तुंबेकरांनीच लावली होती. हट्टाने. करारातसुद्धा घालून घेतली होती. खाणीच्या माणसाने चाकाला हात लावला तर खाणीने त्याला कामावरून काढायचं आणि चाचणी नव्याने, खाणीच्या खर्चाने करून द्यायची. आपल्या चाकाला कोणी धक्का लावू नये म्हणून केवढी खबरदारी घेतली होती त्यांनी!

"मामा," त्यांनी हळूच विचारलं, "हे चाक चाललं असतं तर तुमचं हे काम राहिलं नसतं. ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"न कळायला मी काय दूधखुळा आहे?" मामा हसले. "बायको म्हणाली पण, वेड लागलंय तुम्हाला, स्वतःच्या पोटावर पाय देताय. पण साहेब, तुमचं चाक पडलं असतं आणि मी नुसता बघत बसलो असतो, तर मला जेवण गेलं नसतं."

आता या माणसाला काय सांगायचं? की बाबा रे, तुझ्या ग्रीसने नमद्याची तोंडं बुजली, तेल जागच्या जागी राहिलं, आणि मोसमभर जे चाक फिरलं ते माझ्या हबवर नाही, तुझ्या बोटांवर फिरलं? माझा हब चालतो की नाही हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही? तुंबेकरांच्या ओठांवर आलं होतं हे सगळं. रागही आला होता, खरं सांगायचं तर कप फेकून मारावा इतका. पण मामा त्यांच्याकडे अशा काही कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते की त्यांनी चहा संपवला आणि "बरं केलंत" म्हणून ते उठले.

हब पोत्यात बांधून जीपमध्ये मागे ठेवला होता. रस्ता खड्ड्यांचा, आणि प्रत्येक खड्ड्याला तो पत्र्यावर आदळायचा. तुंबेकर डोळे मिटून बसले होते. ड्रायव्हरला वाटलं झोपले.

घरी आले तेव्हा बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. वळून न बघताच तिने विचारलं, "आली का सवत?"

सवत म्हणजे हब. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तो त्यांच्या घरात आला आणि कधी गेलाच नाही. जेवताना तो, फिरायला गेलं तर तो, मुलीच्या लग्नाच्या धांदलीतही नवरदेवाच्या गाडीखाली वाकून चाक बघणारे हे. बायको आधी रडली, मग भांडली, मग तिने त्याला सवत म्हणायला सुरुवात केली आणि त्यानंतर जरा सुसह्य झालं.

"आली," तुंबेकर म्हणाले. "पण गेल्यातच जमा आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

कपड्यांची घडी घालता घालता बायकोचे हात थांबले. "मग त्यात काय," ती म्हणाली. "चाक चाललं ना मोसमभर? पास म्हणून सांगून मोकळे व्हा. आत कोणी बघायला येणार आहे?"

"आणि शेकडो ट्रॉल्यांना लावला आणि नाही चालला तर? भरलेली ट्रॉली उतारावर असताना चाक जाम झालं की ते निखळतं. उतारावर खाली माणसं असतात."

"पण चाललाही असेल ना?"

"असेल. तेच तर. असेल यावर सही कशी करू?"

बायको एकदम उसळली. "तर मग नाव सांगा त्या माणसाचं! त्याने घाण केली, त्याने निस्तरावं. परत चाचणी करून देतील ना खाणवाले?"

"देतील. आणि त्याला त्याच दिवशी काढतील."

"काढू देत! आपल्याला कोणी विचारलं का, की बाई तुझं आयुष्य कसं गेलं? या घरात एक सुट्टी धड झाली नाही. पोरगी लहानपणी चित्रात बाबा काढायची तर तोंडाच्या जागी चाक काढायची. हे सगळं कशासाठी? तर कोणाला तरी एका स्क्रूतून बोट घालायची हौस आली म्हणून?" तिचा आवाज चिरकला. "मेला कुठला."

"मेला वगैरे नको म्हणू गं. त्याने आपलं भलं करायला केलं."

"तेच तर चीड आणतं मला," ती म्हणाली आणि कपड्यांचा ढीग तसाच टाकून आत निघून गेली.

तुंबेकरांना बायकोचं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. उलट फार पटत होतं. नाव सांगितलं तर खोटंही बोलावं लागत नव्हतं. नियम होता, तो मोडला होता, मोडणारा कबूल करत होता. एक वाक्य बोलायचं आणि हब वाचला. मामांचं काय व्हायचं ते होईल. पण त्या वाक्यापर्यंत मन गेलं की पुढे सरकेना. ज्या माणसाला चाकाखालून बाहेर काढायचं म्हणून हे सगळं आरंभलं, त्याला खाणीबाहेर काढून ते पुरं करायचं? आणि या वयात, त्या खांद्याला, दुसरं काम देणार कोण?

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात सगळ्यांच्या आधी पोहोचले. ड्रॉइंगच्या खोलीचं दार आतून लावलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि हब उघडला. बेअरिंग बाहेर काढली. चिंध्यांनी सगळं ग्रीस पुसून काढलं, मग रॉकेलने धुतलं, ब्रशने खाचा न् खाचा साफ केली. बुजलेला नमदा काढून नवा, तेलात भिजवलेला बसवला. इतकं झाल्यावर हब त्यांनी पहिल्या दिवशी बंद केला होता तसा दिसायला लागला. लख्ख. एखाद्याला वाटावं आता जातो चाचणीला.

पोत्याच्या तळाशी खाणीची धूळ साठली होती. तुंबेकरांनी पोतं वर्तमानपत्रावर झटकलं. पांढरी, बारीक, पिठासारखी धूळ. तिची चिमूट घेतली. कुठे टाकायची हे त्यांच्याइतकं जगात कोणाला ठाऊक होतं? ती कुठल्या कडीतून शिरली असती, कुठल्या वळणावर थांबली असती, बेअरिंगच्या कुठल्या बाजूला आधी जमली असती, सगळं पाठ होतं. इतकी वर्षं तिला अडवायचं म्हणून तिच्याच वाटा मोजल्या होत्या. आता त्याच वाटांवर त्यांनी ती स्वतःच्या हाताने पेरली. तेलात कालवली. बेअरिंगमध्ये घालून बोटाने फिरवली. करर्र असा आवाज आला. दात शिवशिवावेत असा.

मग मात्र त्यांना रडू आलं. दार लावलेलं होतं, कोणी यायचं नव्हतं, तेव्हा त्यांनी आवरलंही नाही. रडून झाल्यावर चष्मा पुसला, हात धुतले आणि दार उघडलं.

धाकटे मालक आले ते हसत हसतच. मॅनेजरांनी फोनवर चाक झकास चाललं म्हणून सांगून ठेवलं होतं. "काय काका, आता तुमच्या नावाची पाटी लावू या हबला!" असं म्हणत ते टेबलापाशी आले आणि त्यांनी आत बोट घातलं. दोन बोटांत तेल चोळलं. चेहरा उतरला.

"काका, कच आहे यात."

"हो."

"बरीच आहे."

"धूळ आत गेली," तुंबेकर म्हणाले. हे वाक्य त्यांनी रस्त्यात कितीदा तरी मनात म्हणून बघितलं होतं. "चाक चाललं, पण आणखी थोडे दिवस चाललं असतं तर बेअरिंग बसली असती. कड्यांची रचना चुकली माझी. एवढ्या धुळीला ती पुरत नाही."

धाकटे मालक स्टुलावर बसले. माणूस खरंच हळहळला. वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी हा हब कागदावर वाढताना बघितला होता. "काका, खरं सांगा," ते म्हणाले. "त्यांच्याकडच्या कोणी काही उघडझाक केली का? पितळी स्क्रूवर पान्याच्या खुणा दिसतात. करार आहे आपल्याकडे. तुम्ही नुसतं हो म्हणा, मी आत्ता मॅनेजरना फोन लावतो. परत चाचणी घेऊ. आणखी एक मोसम मी थांबतो, शब्द देतो तुम्हाला."

असं म्हणून त्यांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवलासुद्धा. तुंबेकर त्या फोनकडे बघत राहिले. आणखी एक मोसम. नवा नमदा, नवं तेल, आणि या वेळी कोणाचंही बोट नाही. हब चालला असता. त्यांना आतून ठाऊक होतं की तो चालला असता.

"खुणा माझ्याच आहेत," ते म्हणाले. "काल उघडताना पाना घसरला. कोणी हात लावलेला नाही."

"नक्की?"

"नक्की."

धाकट्या मालकांनी फोन उचलून खिशात घातला. "मग खोलीचं..." मालक म्हणाले. "हो, ते ठरलंच होतं," तुंबेकर म्हणाले. "जुन्या पद्धतीच्या हबचं ड्रॉइंग काढून देतो जाता जाता. ग्रीसचं भोक जरा सोयीच्या बाजूला घेतो म्हणजे भरणाऱ्याला फार वाकावं लागणार नाही. तेवढं करू द्या."

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "निदान मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असतेच. आणि मग तुम्ही हेच केलं असतं." तिने त्यांच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला आणि पलीकडच्या खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "बोटं दाखवा बघू. रॉकेलने सालपटं निघालीत. मलम लावा काहीतरी."

नव्या ट्रॉल्या तयार झाल्या तेव्हा त्या खाणीत पोहोचवायला तुंबेकर स्वतः गेले. गरज नव्हती, दुसरं कोणीही गेलं असतं. पण नोकरीतली ही शेवटची फेरी होती, म्हणून मालकांनी जीप दिली.

मॅनेजरांनी "वाईट झालं हो साहेब" म्हणून हात मिळवला आणि ते आपल्या कामाला लागले. वर्कशॉपच्या मागे सावलीत मामा चहाचे कप घेऊन वाटच बघत होते. तुंबेकर शेजारी बसले. मामांनी लगेच विषय काढला नाही. चहा कडक झालाय का, गुडघा कसा आहे, मुलीकडे जाणार का, असं सगळं विचारून झालं.

मग म्हणाले, "ऐकलं मी. धूळ गेली म्हणे आत."

"गेली."

"मला तर रात्रभर झोप नाही लागली ऐकून." मामांनी कप खाली ठेवला. "पण मग म्हटलं, साहेबांना एक सांगायलाच पाहिजे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी दर आठवड्याला एवढं ठासून ठासून भरलं होतं, तरी गेली ना ती आत? माझ्या हातचं ग्रीस भरलेलं असताना गेली! मग त्यात तुमच्या चाकाचा काय दोष? कोणीही बनवलं असतं तरी हेच झालं असतं. खडीची धूळ आहे ती साहेब, कोणाच्या बापाला ऐकत नाही."

तुंबेकरांनी मान हलवली. "खरं आहे, मामा."

"नाही, नुसतं खरं आहे म्हणू नका. मनातून काढून टाका. तुम्ही काही कमी केलं नाही आणि मीही काही कमी केलं नाही. आपण दोघांनी जिवाचं रान केलं. आता नसतं नशिबात एखादं चाक." मामा जरा जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "परत काढाल ना नवीन? काढलंत की इथेच आणा. या वेळी चाक रडायची वाट बघत नाही मी. पहिल्या दिवसापासूनच भरतो."

तुंबेकरांनी मामांकडे बघितलं. मामा अगदी मनापासून बोलत होते. पापण्यांवर धूळ बसली होती आणि डोळे तेवढे स्वच्छ होते.

"आणेन," तुंबेकर म्हणाले.

पलीकडून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. उजेड असेतो घाट उतरायचा होता. तुंबेकरांनी बसल्या जागेवरूनच त्याला हाताने थांब म्हणून खूण केली. मामांच्या कपात अजून अर्धा चहा होता.